ऑपरेशनचे बाळंतपण : सरकारी की खाजगी?

२०२५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून जी गावे आहेत, त्यांतल्या एका गावी आम्ही मुक्कामाला होतो. धानाची कापणी चालू होती. दिवसभर राबून मंडळी दमली होती. तरी जेवणे झाल्यावर दहा-बारा माणसे छपरीत जमली. वाचनाचा वर्ग भरायचा होता. पण त्या रात्री पुस्तक कोणी उघडलेच नाही.

त्या घरची धाकटी सून गरोदर होती. आठवा महिना लागला होता. सकाळी ती गोंदियाला जाऊन तपासून आली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, "हिचे नेहमीसारखे बाळंतपण होऊ द्यायचे नाही. ऑपरेशन करून बाळ काढावे लागेल. आतापासून तारीख ठरवा. कळा यायची वाट पाहू नका."

झाले. घरात वाद सुरू झाला. थोरला मुलगा म्हणाला, "खाजगीत नेऊ. मी विचारून आलो. चाळीस हजार सांगतात. पण डॉक्टर चांगला आहे."

म्हातारा म्हणाला, "चाळीस हजार आणाचे कोठून जी? सरकारी दवाखाना काय ओस पडला?"

सासूबाई म्हणाल्या, "मी पाच बाळंतपणं याच घरात केली. पोट फाडाचं काम काय हाय?"

सून दाराच्या आड उभी होती. ती काही बोलली नाही. तिचा नवराही खाली मान घालून बसला होता. मग म्हातारा आमच्याकडे वळला. "तुम्ही शिकलेले माणसं. तुम्हीच सांगा, काय करावं?"

आम्ही काही डॉक्टर नाही. पण प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. म्हणून आम्ही नर्सबाईंना भेटलो, आशाताईंना भेटलो, डॉक्टरांना विचारले. त्यातून जे समजले ते इथे लिहीत आहोत. हा प्रश्न आज एका घरचा नाही, पुष्कळ घरचा आहे.

आधी सासूबाईंचे बोलणे घेऊ. पोट फाडायचे कारण काय?

पोटात बाळ वाढते, त्याला आईच्या रक्तातून अन्न मिळते. ते अन्न वारेतून जाते. वार गर्भाशयाला आतून चिकटलेली असते. बहुतेक वेळा ती वरच्या बाजूला असते. आधी बाळ बाहेर येते, मागून वार पडते. हे आपल्या बायांना ठाऊक आहे. पण कधी कधी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावरच बसलेली असते. जणू घराच्या दारातच कोणी धानाची पोती रचून ठेवली. आता बाळ बाहेर यायचे तर वार आधी सुटणार. वार सुटली की रक्ताचा पाट वाहतो. थोड्या वेळात आई जाते, बाळही जाते. ह्या सुनेचे तसेच होते. सोनोग्राफीत वार खाली दिसली होती.

सासूबाईंची पाच बाळंतपणे सुखरूप झाली, कारण त्यांची वार वर होती. त्यांच्याच पिढीत अशा किती बाया गेल्या, हे त्यांनीच मग आठवून सांगितले. एक त्यांची सख्खी नणंद होती. रात्री रक्त जाऊ लागले, सकाळी बैलगाडी जुंपली, आणि गाडी अर्ध्या वाटेतून परत आली. हे सांगून झाल्यावर त्या पुन्हा "कायले" म्हणाल्या नाहीत.

ह्या ऑपरेशनला लोक सिझर म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी सिझर म्हणजे बाईचा मृत्यूच, असे जगभर समजत. पोट उघडले तरी आतल्या गर्भाशयाला नीट टाके घालीत नसत. पुढे १८८२ साली जर्मनीतल्या सेंगर नावाच्या डॉक्टराने आत टाके घालायची चांगली रीत दाखविली. भूल देण्याचे औषध त्याच्या आधीच निघाले होते. मग जंतू मारण्याची औषधे आली, रक्त देण्याची सोय आली. ह्या सगळ्या गोष्टी जुळल्या तेव्हा सिझर सुरक्षित झाले. आता कमरेत, पाठीच्या मणक्यात एक सुई देतात. कमरेखालचा भाग बधिर होतो. बाई जागीच असते. ओटीपोटावर आडवा छेद घेतात. काही मिनिटांत बाळ बाहेर येते. पुढचा वेळ टाके घालण्यात जातो.

वार खाली असणे हे एक कारण झाले. बाळ आडवे असेल तरी ऑपरेशन लागते. बाळ पायाळू असेल, जुळी असतील आणि पहिल्याचे डोके खाली नसेल, तर डॉक्टर बहुधा ऑपरेशनच सुचवितात. आधी सिझर झालेले असेल तर दुसऱ्या वेळी विचार करावा लागतो. मात्र 'एकदा सिझर म्हणजे दर वेळी सिझर' हे खरे नाही. पहिला छेद आडवा असेल, दुसरी काही अडचण नसेल, तर पुष्कळ बायांचे पुढचे बाळंतपण सरळ होऊ शकते. पण ते अशाच दवाखान्यात झाले पाहिजे, जिथे अडचण आली तर लगेच ऑपरेशन करता येईल. घरी ते धाडस कधी करू नये.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळीच ऑपरेशने गरजेची असतात असे नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात सरकारने देशभर घरोघर पाहणी केली. तिच्यात असे दिसले की सरकारी दवाखान्यांत शंभर बाळंतपणांमागे सुमारे १४ ऑपरेशनची होती. खाजगीत शंभरामागे ४७ होती. खाजगीत जाणाऱ्या बायांचे पोट काही वेगळे नसते. मग हा एवढा फरक कशाने? काही अवघड बाया तिकडे जातात हे खरे. काही घरचे लोक आपणच ऑपरेशन मागतात, पंचांग पाहून मुहूर्त सांगतात. पण ऑपरेशनला पैसे जास्त मिळतात आणि वेळ आपल्या हातात राहतो, हेही एक कारण आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले की एकच प्रश्न विचारावा : "कारण काय?" चांगला डॉक्टर रागावत नाही. तो कागद दाखवून समजावतो. कारण पटले नाही तर दुसऱ्याला दाखवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी फुकट होते. २०१६ सालापासून ही सोय आहे. आम्ही ह्या सुनेचे कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले. त्यांनीही तेच सांगितले. तेव्हा ऑपरेशन करायचे की नाही हा वाद मिटला. कुठे करायचे, हा राहिला.

थोरल्या मुलाच्या मनात काय होते? तो खाजगी दवाखाना पाहून आला होता. फरशी स्वच्छ. एकेका बाईला वेगळी खोली. डॉक्टर गोड बोलतात. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच डॉक्टर. नातेवाइकाला रात्री टेकायला जागा. हे सगळे खरे आहे. त्याला नावे ठेवता येणार नाहीत. वेदनेत असलेल्या बाईला कोणी वसकन ओरडले नाही, तर त्याची किंमत मोठी असते.

आम्ही त्याला विचारले, "भूल देणारा डॉक्टर तिथेच असतो का?"

"नाही जी. फोन केला की येतो म्हणे."

"रक्त?"

"ते आणावं लागते."

"बाळाला काही झालं तर?"

"तर मग… मोठ्या दवाखान्यात न्यावं लागते."

तो बोलता बोलता थांबला. मोठा दवाखाना म्हणजे कोणता, हे त्याच्या ध्यानात आले.

ह्या ऑपरेशनला चार गोष्टी हाताशी लागतात. ऑपरेशन करणारा डॉक्टर लागतो. भूल देणारा डॉक्टर लागतो. रक्त लागते. बाळ अशक्त निघाले तर त्याला ऊब, प्राणवायू देणारा कक्ष आणि बाळांचा डॉक्टर लागतो. ह्या चारही गोष्टी रात्रीच्या दोन वाजता कुठे मिळतील, हे पाहावे. फरशी मागाहून पाहावी. काही मोठ्या खाजगी दवाखान्यांत हे सगळे असते. लहान खाजगी दवाखान्यांत पुष्कळदा नसते. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझर होत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते की नाही, हे तिथे भूल देणारा डॉक्टर त्या महिन्यात आहे का, यावर असते. जागा रिकामी असेल तर इमारत असूनही काम होत नाही. म्हणून आधी जाऊन विचारून यावे.

आपल्या जिल्ह्यात बायांसाठी सरकारी दवाखाना म्हणजे गोंदियाचे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. २०१६ साली गोंदियाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हे रुग्णालय त्याला जोडलेले आहे. गोंदियाला सरकारी रक्तपेढी आहे. वार खाली असलेल्या बाईला ही गोष्ट फार मोलाची. तिचे दोन-तीन पिशव्या रक्त आधीच राखून ठेवलेले बरे.

रक्ताचे आणखी एक. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, म्हणून हे नाव. आई-बापांकडून तो मुलांत येतो. गरोदर बाईची सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. आजार असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे लागते. अशा बाईला थंडी वाजू देऊन, पाण्यावाचून ठेवून चालत नाही. हे लपविण्यासारखे काही नाही, पण लग्न जमवायच्या भीतीने लोक लपवितात आणि दवाखान्यातही सांगत नाहीत.

आता पैशाचे पाहू.

२०११ सालापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण पूर्ण फुकट करायचा नियम आहे. सिझरही फुकट. औषधे, टाक्यांचा दोरा, रक्त, लघवीची व रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, सगळे फुकट. सिझर झालेल्या बाईला सात दिवस जेवणही मिळते. घरून दवाखान्यात न्यायला आणि परत आणून सोडायला गाडी मिळते. त्यासाठी १०२ ह्या नंबरावर फोन करायचा. जीव धोक्यात असेल तर १०८. बाळ आजारी पडले तर एक वर्षाचे होईपर्यंत त्याचाही खर्च घ्यायचा नाही. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

नियम असा. व्यवहार मात्र नेहमी असाच नसतो. वर सांगितलेल्या पाहणीतच दिसले की सरकारी दवाखान्यातल्या एका बाळंतपणाला घरच्यांचे सरासरी २,९१६ रुपये गेले. आमच्याच एका कार्यकर्त्याच्या बायकोला दुसऱ्या एका जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात नेले, तेव्हा त्याच्या हाती चिठ्ठी दिली आणि बाहेरून इंजेक्शने आणायला लावली. चौदाशे रुपये लागले. तो लिहिणारा-वाचणारा माणूस, पण त्या वेळी काही बोलू शकला नाही. बायको आत टेबलावर असताना कोण भांडेल? चिठ्ठी मात्र त्याने जपून ठेवली, आणि मागाहून वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. सोबतच्या माणसाचे जेवण, चहा, येणे-जाणे हा खर्चही आपलाच असतो. म्हणून फुकट असले तरी जवळ तीन-चार हजार असू द्यावे.

खाजगीचे चाळीस हजार म्हणजे किती? आम्ही पाटीवर हिशेब मांडला. त्या हंगामात साध्या धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. चाळीस हजाराला सतरा क्विंटल धान विकावे लागते. वर्गातल्या दोघांनी तो भागाकार करून पाहिला. म्हातारा म्हणाला, "म्हणजे एका एकराचं पीक गेलं." आणि तेही खत, मजुरी, पाणी न धरता. चाळीस हजार हा पहिला आकडा असतो. बाळाला काचेत ठेवावे लागले तर रोजचे वेगळे पैसे. रक्ताचे वेगळे. म्हणून खाजगीत जायचेच असेल तर आधी विचारावे : ह्या रकमेत भूल, औषधे, खोली, बाळाचा डॉक्टर हे सगळे आले का? कागदावर लिहून मागावे. २०२१ सालापासून महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांनी आपले दर आणि रुग्णांचे हक्क दिसतील असे लावले पाहिजेत, असा नियम आहे. भिंतीवरचा तो फलक वाचायला आता आपल्याला येते.

ज्याच्याकडे शिल्लक आहे, ज्याला कर्ज काढावे लागत नाही, ज्याच्या गावाजवळ सगळ्या सोयींचा खाजगी दवाखाना आहे, त्याने तिथे जावे. त्यात चूक काही नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी असेल तर जावेच लागते. पण शेत गहाण टाकून, सावकाराच्या व्याजाने पैसे उचलून जाणे आम्हाला पटत नाही. बाळंतीण घरी येते, तिला दूध-भाकरी हवी, आणि घरात व्याजाचा तगादा चालू. ते बाळंतपण सुखाचे कसे व्हायचे?

हे आम्ही बोललो, तेव्हा कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या, "आन भंडाऱ्याची आग? ते विसरले का तुम्ही?"

विसरलो नव्हतो. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळे दगावली. सात वाचविता आली. ह्या भागातल्या लोकांच्या मनातून ते जाणार नाही, जाऊही नये. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात विरारच्या एका खाजगी दवाखान्यातही आग लागली आणि रुग्ण गेले. दोन्हीकडे माणसांच्या हातून चूक होते. त्या बाईंच्या प्रश्नाला आमच्याजवळ पुरे उत्तर नव्हते. एवढेच सांगितले की बाळ आत असेल तर घरचे एक माणूस दाराशी सतत असावे, आणि धूर, वास, ठिणगी काही दिसले तर लाज न धरता ओरडावे.

शेवटी सुनेला विचारले. इतका वेळ तिला कोणी विचारलेच नव्हते. ती हळूच म्हणाली, "जिथं रक्त भेटते, तिथं न्या."

मग तयारीला सुरुवात झाली. ठरवून केलेल्या ऑपरेशनचा मोठा फायदा हाच, की दिवसाउजेडी जाता येते. जंगलकाठच्या वाटेने रात्री बाळंतीण नेणे काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. फोनची रेंजही सगळीकडे लागत नाही. कुठे उभे राहिले की लागते, ती जागा नवऱ्याने हेरून ठेवली. डॉक्टरांनी सांगितले होते, थोडे जरी रक्त दिसले तरी ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच घडीला निघा. म्हणून महिनाभर आधीच पिशवी भरून ठेवली. तिच्यात आई-बाळाचे कार्ड, सोनोग्राफीचा कागद, रक्तगटाचा व सिकलसेलचा कागद, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. जुनी धुतलेली लुगडी. सरकारकडून बाळंतिणीला थोडी रक्कम खात्यात मिळते. पहिल्या खेपेला ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्याचे अर्ज आशाताईंनी भरून घेतले. सुनेने लोहाच्या गोळ्या नियमाने घेतल्या. त्यांनी शौचाला काळे होते, म्हणून बाया घाबरून सोडून देतात. घाबरायचे कारण नाही. अंगात रक्त भरलेले असले तर ऑपरेशनात गेलेले सोसते.

थोरल्या मुलाचा आणि सुनेचा रक्तगट एकच निघाला. ज्याने खाजगीचा आग्रह धरला होता, तोच रक्त द्यायला आधी गेला.

ठरलेल्या दिवशी १०२ ची गाडी आली. पण त्या दिवशी ऑपरेशन झाले नाही. झटके आलेली एक बाई बाहेरगावाहून आणली होती, तिला आधी घ्यावे लागले. सून सकाळपासून उपाशी होती. घरचे चिडले. सरकारी दवाखान्यात असे होते. ज्याचा जीव आधी जातोय, त्याचा नंबर आधी लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झाले. मुलगी झाली, वजन सव्वादोन किलो. सुनेला एक पिशवी रक्त द्यावे लागले. नर्सबाईंनी तासाभरात बाळ छातीला लावले. सासूबाईंना पहिले पिवळे दूध पिळून टाकायचे होते. नर्सबाईंनी टाकू दिले नाही. तेच दूध बाळाला रोगापासून राखते.

दुसऱ्या दिवशी सुनेला उठवून चालविले. ती कळवळली. पण पडून राहिले तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून धरून का होईना, चालवितात. घरी आल्यावर टाके कोरडे ठेवायचे. त्यावर हळद, राख, तेल काही लावायचे नाही. सहा आठवडे पाण्याची गुंडी उचलायची नाही, धानाचे ओझे नाही. टाक्यातून पू आला, ताप आला, रक्त जास्त गेले, तर थांबू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. सिझर झालेल्या बाईने पुढचे मूल किमान दोन वर्षे तरी होऊ देऊ नये. आतले टाके पक्के भरून यायला वेळ लागतो. त्यासाठी काय वापरावे ते नर्सबाई सांगतात. नवऱ्यानेही त्या वेळी समोर बसावे.

ह्या घरी सगळा खर्च दोन हजार सातशे झाला. त्यातले बाराशे सोबतच्या माणसांच्या जेवणाचे आणि चहाचे होते. थोरला मुलगा अजून म्हणतो की खाजगीत नेले असते तर एक दिवस उपाशी राहावे लागले नसते. म्हातारा ऐकून घेतो. सासूबाईंनी दवाखान्याचा सुट्टीचा कागद सात-बाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. छेद कसा घेतला, वार कुठे होती, रक्त किती दिले, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. पुढच्या खेपेला डॉक्टर तोच कागद आधी मागतील.